घेवडा, कोरम आणि पेटेंगिलचं रान

पेटेंगिलचं रान मी वाचवणार, एकट्यानं वाचवणार, हे मी गावात जाहीर करून टाकलं होतं. टॅरोफील्ड हे मॅसॅच्युसेट्समधलं लहानसं गाव. इथे जाहीर करायचं म्हणजे शनिवारी सकाळी गावच्या कचरा डेपोवर उभं राहून सांगायचं. आमच्याकडे घंटागाडी येत नाही. जो तो आपला कचरा स्वतः गाडीत घालून नेतो, आणि दुसऱ्याच्या अब्रूचा कचरा तिथेच करून परत येतो.

हे रान माझ्या परसामागेच सुरू होतं. ओकची झाडं, एक डबकं, एक घुबड आणि कुणीतरी टाकून दिलेला फ्रीज ही त्याची निसर्गसंपदा. इतक्या वर्षांत मी त्यात दोनदा गेलो. एकदा कुत्रा हरवला म्हणून, आणि एकदा मी हरवलो म्हणून. त्या खेपेला कुत्र्यानं मला शोधलं. पण प्रेम काय असं खेपा मोजून ठरवायचं असतं?

तर या रानाचा एक तुकडा बिल्डरला देऊन तिथे छोटी घरं बांधायची, असा ठराव आला होता. गावात राबणाऱ्या, पण गावात घर न परवडणाऱ्या लोकांसाठी. शिक्षक, नर्सा, अग्निशमन दलाचे जवान वगैरे. आता एक गोष्ट स्पष्ट करतो. मी घरांच्या विरोधात नाही. आमच्या मेपल ग्लेन गल्लीत कुणीच घरांच्या विरोधात नाही! घरं झालीच पाहिजेत असं आमचं ठाम मत आहे. फक्त ती जिथे होणार असतील तिथे नकोत. (मेपल ग्लेनमधले मेपल कुठे गेले, असं कुणी विचारलं की आम्ही हवापाण्यावर बोलायला लागतो.)

अडचण एकच होती. माझा जावई.

टीग आमच्या गावच्या अग्निशमन दलात आहे. सगळ्या गावाची घरं वाचवतो आणि स्वतःचं घर परवडत नाही म्हणून माझ्या तळघरात राहतो. सोबत माझी मुलगी ब्रेना, आणि सोबत बॅगपाइप! दलाच्या बँडात तो बॅगपाइप वाजवतो. तळघरात त्याचा सराव सुरू झाला की बादलीत तोंड अडकलेला बैल जिना चढून वर येतोय असं वाटतं.

"बाबा," एका रविवारी जेवताना ब्रेना म्हणाली, "या वेळी ठराव पास झाला नाही तर आम्ही गाव सोडतोय. टीगला ओहायोत नोकरी मिळतेय. तिथे घर परवडतं."

"ओहायो छानच आहे की," मी म्हणालो. "सपाट आहे."

माझ्या बायकोनं, रॉझनं, काटा खाली ठेवला. रॉझनं काटा खाली ठेवला की मी घास गिळून घेतो.

"ऑगस्टमध्ये नातवंड येतंय, एव्हरेट. ते तू फोनवर बघ. आणि इथे त्या घुबडाला मांडीवर घेऊन बस!"

"घुबड दुर्मिळ असतं, रॉझ."

"हो ना. आणि तुझ्यासारखे ढिगानं मिळतात."

टीग बिचारा बटाट्यांकडे बघत राहिला. तो मला अजून 'मिस्टर कॉयल' म्हणतो. असा जावई ओहायोला जावा असं मलाही वाटत नव्हतं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. शिवाय ठराव पडला की घरचे येतील ताळ्यावर, असं मी गृहीत धरलं होतं. मी पुष्कळ गोष्टी गृहीत धरतो.

माझी योजना साधी होती. आमच्या गावाचा कारभार गावसभेत चालतो. प्राथमिक शाळेच्या जिममध्ये मतदार जमतात, हवा तेवढा वेळ भांडतात आणि हिरवी कार्डं वर करून मत देतात. गावाची जमीन द्यायची तर दोन-तृतीयांश मतं लागतात. म्हणजे मला बहुमत नकोच होतं! एक-तृतीयांशाच्या जरा वर माणसं आणून बसवली की ठराव आडवा. पण ती आणायची कशी? टॅरोफील्डच्या माणसाला संध्याकाळी खुर्चीतून उठवू शकेल अशी एकच गोष्ट या जगात आहे. फुकट घेवडा!

चर्चच्या हॉलमध्ये घेवड्याचं जेवण ही आमच्याकडची जुनी रीत. मी ठरवलं, घेवडा साधासुधा नको. आजोबांच्या पद्धतीचा! जमिनीत खड्डा खणायचा, त्यात निखारे करायचे, सुका पांढरा घेवडा, काकवी आणि खारवलेलं डुकराचं मांस बिडाच्या हंड्यात घालून तो हंडा रात्रभर पुरायचा. खड्डा मी मुद्दाम रानाच्या कडेला खणला. निसर्ग वाचवायचा तर निसर्गातच शिजवावं!

माझा शेजारी ऑल्डन फ्रिस्बी कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. ऑल्डन विमा कंपनीतून निवृत्त झालाय, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीतून पुढे काय विपरीत होईल तेच आधी दिसतं.

"घेवडा भिजत घातला होतास ना?"

"आजोबा नाही घालायचे."

"आजोबा कशानं गेले?"

"ऑल्डन!"

"सहज विचारलं. आणि ही जमीन ओली आहे, एव्हरेट. डबकं बघ कुठपर्यंत आलंय. निखारे विझतील."

"तू कायदे बघ, स्वयंपाक मी बघतो," मी म्हणालो. गावसभेचे नियम ऑल्डनला तोंडपाठ होते. खरं तर त्यानं स्वयंपाक आणि मी कायदे बघितले असते तर बरं झालं असतं.

सभेच्या दिवशी हंडा वर काढला. काकवीचा असा घमघमाट सुटला की सगळी मेपल ग्लेन डोळे मिटून उभी राहिली! घेवडा तेवढा जरा ठाम होता. दाताखाली कुरकुरत होता. पण आमच्याकडे जुनं म्हटलं की माणसं वाळूसुद्धा चावून खातात.

"अस्सल!" आमच्या पक्षिमित्र मंडळाच्या विल्मा थ्रेलफॉल म्हणाल्या आणि दाढेला हात लावून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

विरुद्ध बाजूचं कुणी फिरकलं नाही. रॉझ, ब्रेना, सगळ्या शिक्षिका, अग्निशमन दल, सगळ्यांनी तत्त्व म्हणून माझा घेवडा नाकारला. तत्त्वाचा इतक्या लवकर फायदा झालेला मी आजवर पाहिलेला नाही.

जेवून आम्ही मिरवणुकीनं जिममध्ये शिरलो. व्यासपीठावर मिसेस हॅस्किन्स होत्या. त्या गावसभेच्या अध्यक्ष, आणि त्याआधी याच शाळेच्या मुख्याध्यापिका. निम्मं गाव अजून त्यांच्यासमोर च्युइंगगम गिळून टाकतं.

माणसं मोजून झाली. मिसेस हॅस्किन्सनी चष्म्यावरून बघितलं.

"कोरमला एक माणूस कमी आहे. नेहमीप्रमाणे. कुणी येतंय का बघू, नाहीतर सभा बरखास्त."

माझ्या पोटात गोळा आला. (तो वेगळा होता, खरा गोळा नंतर आला.) एवढी माणसं खाऊपिऊ घालून आणली, ती न मत देता घरी जाणार? मी दाराकडे धावलो. दारात गणवेशातला टीग उभा होता. गर्दी म्हटली की दलाचा एक माणूस दाराशी लागतोच.

"टीग! तू मतदार आहेस ना? कार्ड घे आणि आत बस!"

"मी ड्यूटीवर आहे, मिस्टर कॉयल. आणि मी आत आलो तर माझं मत... म्हणजे, तुम्ही नक्की म्हणताय?"

"एका मतानं काय होतंय? लोकशाही म्हणजे काय थट्टा आहे? बस!"

टीग बसला. हातोडा आपटला.

"कोरम पूर्ण! आणि यासाठी मिस्टर कॉयल यांचे आभार!"

टाळ्या! मी वाकून अभिवादन केलं. खाली बसतो तोच ऑल्डननं माझी बाही ओढली.

"गाढवा! कोरम झाला नसता तर विषय आपोआप मेला असता! बिल्डरशी झालेल्या कराराची मुदत आज संपतेय. आपण घरी पाय पसरून झोपलो असतो तरी जिंकलो असतो!"

"मग आधी का नाही बोललास?"

"तोंडात घेवडा होता."

तरीही काही बिघडलं नव्हतं. माणसं आमची पुरेशी होती, बाकी फक्त बसून राहायचं होतं. पण आमच्या ठरावाआधी विषय होता रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या ट्रकचा, आणि मिठावर टॅरोफील्डचा माणूस मरेपर्यंत बोलू शकतो. बोलले. तोवर घेवडा रंगात आला.

पहिला आवाज मागच्या रांगेतून आला. लोकांना वाटलं टीगनं बॅगपाइप आणलाय. दुसरा आवाज उजवीकडून आला, त्यानं पहिल्याला उत्तर दिलं. मग एक जण "माफ करा" म्हणून उठला. मग दोघं. मग अख्खी रांग गुडघे जुळवून, इवल्या इवल्या पावलांनी, एखाद्या लग्नातल्या करवल्यांसारखी बाहेर पडली.

आमचा विषय आला तेव्हा विल्मा थ्रेलफॉल माइकपाशी गेल्या. "हे वृक्ष माझ्या वडिलांनी..." एवढं म्हणून त्या थांबल्या. पांढऱ्या पडल्या. "माझं भाषण संपलं," म्हणाल्या आणि धावल्या. विल्माबाईंना धावताना गावानं प्रथमच पाहिलं. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या.

त्यांच्यानंतर मी. मी माइक धरला, घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि माझ्या ध्यानात आलं की आता मी काय बोलतो यापेक्षा किती वेगानं निघतो हे महत्त्वाचं आहे.

प्राथमिक शाळेतली संडासाची भांडी सहा वर्षांच्या मुलांच्या मापाची असतात. गुडघे माझ्या कानांना टेकले होते. भिंतीवरच्या स्पीकरमधून सभा ऐकू येत होती. शेजारून कण्हण्याचा आवाज आला.

"ऑल्डन?"

"बोल."

"आत आपली किती माणसं उरलीत रे?"

"तू इथे, मी इथे, बाकी बाहेर रांगेत. घेवडा कमी खाल्लेले काही तेवढे आत."

"मग कोरम मोडला! कुणी हरकत घेतली की सभा तिथल्या तिथे बंद!"

"मग घे हरकत."

"इथून चालते?"

"नाही. सभागृहात उभं राहून घ्यावी लागते."

"मग ऊठ ना, ऑल्डन!"

"मला उठता येत नाहीये. तू ऊठ."

मी प्रयत्न केला. प्रामाणिक प्रयत्न केला. परत बसलो.

"एव्हरेट," ऑल्डन शांतपणे म्हणाला, "काही लढाया माणसानं बसूनच हरायच्या असतात."

"कुणाची काही हरकत?" स्पीकरमधून मिसेस हॅस्किन्स म्हणाल्या. "नाही? कार्डं वर करा."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब शांतता पसरली. ती फक्त आमच्या बाजूलाच जरा भंगत होती.

"दोन-तृतीयांशांपेक्षा एकच मत जास्त. ठराव मंजूर!"

आत जल्लोष. बाहेरून कुणीतरी दारावर थाप मारली. "लवकर आटपा हो! इथे माणसं आहेत!"

पुष्कळ वेळानं मी भिंत धरत बाहेर आलो. ब्रेना धावत आली आणि गळ्यातच पडली. रडत होती.

"बाबा! मला माहीत होतं! तू तोंडानं कबूल करणार नाहीस, पण मला माहीत होतं. आधी टीगला आत बसवलंस, मग स्वतःच्याच माणसांना तो घेवडा... हे सगळं आमच्यासाठी केलंस ना?"

टीगनं माझा हात धरून जोरजोरात हलवला. "थँक्यू, बाबा," तो म्हणाला. मिस्टर कॉयल नाही. बाबा!

माणसानं अशा वेळी नम्रपणे गप्प बसावं. मी बसलो. रॉझ लांबून बघत होती. तिनं जेवणाआधी हंड्यात डोकावून घेवडा दातानं फोडून बघितला होता, हे मला पुढे ऑल्डनकडून कळलं; तिनं त्या क्षणीही सांगितलं नाही आणि आजही नुसती हसते. बाई सगळं जाणून होती!

मेपल ग्लेननं मात्र ब्रेनाचंच म्हणणं खरं धरलं. तिथे मी आता बिल्डरचा माणूस. विल्माबाई मला बघितलं की रस्ता बदलतात, तोही धावत.

घरं झाली. नातवंड झालं, ती मुलगी रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर असते. घुबड दोन ओक पलीकडे सरकलं, त्याचं म्हणणं कुणी विचारलं नाही. आणि गावसभेला अनेक वर्षांत प्रथमच कोरम मिळवून दिल्याबद्दल पंचांनी एकमतानं नव्या वसाहतीतल्या एकुलत्या एका रस्त्याला माझं नाव दिलं. मी नको नको म्हटलं, पण ऐकू येईल इतक्या जोरात नाही. चांगली हिरवी पाटी आहे, माझ्या परसातून सरळ दिसते. वर लिहिलंय 'कॉयल मार्ग'.

आणि खाली, नियमाप्रमाणे, 'पुढे रस्ता नाही'.