शेजार भाड्याने देणे आहे

रविवारी सकाळी साडेआठला मेघानं दार उघडलं, तर बाहेर एक अनोळखी जोडपं उभं. बाईच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि पुरुषाच्या हातात भिंती मोजायची टेप.

"मी हिमांशू, ही वैदेही. पुण्याहून आलोय," तो म्हणाला. "काल सरांशी फोनवर बोलणं झालं होतं."

पुणे हा शब्द ऐकूनच मेघाचा चेहरा उजळला. तिच्या नवऱ्याच्या, इंद्रजीतच्या कंपनीनं इथला चिकलठाण्याचा विभाग बंद करून सगळ्यांना पुण्याला हलवलं होतं. एक तारखेला हजर व्हायचं होतं आणि अजून डोक्यावर छप्पर ठरलं नव्हतं. पुण्याचा एजंट घरी आलाय, तोही बायकोला घेऊन, तोही पेढ्यांसकट, अशी तिची समजूत झाली. तिनं त्यांना आत बसवलं, पोह्यांत आणखी दोन मुठी भिजवल्या आणि न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. "अहो, आवरा लवकर. पुण्यावाले आलेत. लई भली माणसं दिसतात."

इंद्रजीत डोकं पुसत बाहेर आला तेव्हा हिमांशू बेडरूमची भिंत मोजत होता.

"कपाट बसेल इथं," तो बायकोला म्हणाला.

"बसंल ना. सात वर्षं बसलंय," इंद्रजीत म्हणाला.

"म्हणजे तुम्ही कपाट ठेवून जाणार?" वैदेहीला आनंद मावेना.

"जाणार? कुठं?"

"ते आम्हाला कसं माहीत असणार? जाहिरात तर तुम्ही दिलीय."

तिनं मोबाइल पुढं केला. इंद्रजीतनं वाचलं आणि टॉवेल हातात धरून तो पलंगावर बसला.

घोटाळा शुक्रवारी झाला होता. महिनाभर तो पुण्यातल्या घरमालकांना फोन करत होता. मेघाला तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दुसऱ्या पाळीची नोकरी मिळाली होती, घरी यायला रात्रीचे साडेनऊ होणार होते, म्हणून परिसर सुरक्षित हवा होता. आणि मुलगा सम्यक सात वर्षांचा होता. त्यानं सगळ्या तऱ्हेच्या माणसांत वाढावं असं दोघांना वाटत होतं. फोनवर आधी भाड्याचा आकडा यायचा. मग पलीकडून विचारणा व्हायची, "फॅमिली का?" मग, "नॉनव्हेज?" आणि मग अगदी सहज आवाजात, "पूर्ण नाव काय म्हणालात?" इंद्रजीत आडनाव सांगायचा. मग, "कळवतो." असे सहाजण कळवणार होते.

शेवटी मेघा वैतागून म्हणाली, "तुकड्यातुकड्यानं काय विचारता? काय पाहिजे ते एकदाच लिहून टाका त्या ॲपवर."

इंद्रजीत लिहायला बसला. काय पाहिजे ते त्याला सुचेना, म्हणून काय आहे तेच तो लिहीत गेला. 'दोन बेडरूम, हॉल, किचन. खाली आपा राहतात. पोरगं शाळेतून आलं की आमच्याआधी त्या विचारतात, खाया क्या? वर काकू राहतात. आमची एक किल्ली कायम त्यांच्याकडं असते. जिन्यात ईदला शीरखुर्म्याचा वास येतो, चतुर्थीला मोदकांचा आणि चौदा एप्रिलला आमच्या खिरीचा. बाईमाणूस रात्री एकटं आलं तर कोपऱ्यावरचा ज्यूसवाला ती घरात शिरेपर्यंत शटर ओढत नाही. सात वर्षांत आडनाव कुणी विचारलं नाही. असं घर पाहिजे.'

ॲपला अक्षरांची मर्यादा होती. शेवटचा 'पाहिजे' त्यात बसला नाही, तो कापला गेला. 'देणे' आणि 'घेणे' यांतलं कुठलं बटण दाबलं ते इंद्रजीतला आठवत नव्हतं, पण आता दिसत होतं. पत्ता मोबाइलनं आपला आपण भरला होता. उस्मानपुरा, म्हणजे हेच घर.

"काल मी विचारलं, जागेचं अजून कुठं ठरलं नाही ना," हिमांशू म्हणाला. "तुम्ही म्हणालात, लगेच या, उशीर करू नका."

"मला वाटलं, तुमच्याकडं जागा आहे."

"माझी बदली इथं शेंद्र्याला झालीय हो. मला जागा हवीय."

एवढ्यात बेल वाजली. दारात तिघंजण होते. जिन्यात आणखी दोन कुटुंबं होती, आणि त्यांच्याही खाली कुणीतरी विचारत होतं, "आपांचा मजला कुठला?"

आपांचा मजला तळचा. रईसा आपा दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सकाळपासून परके लोक आपल्याकडं बघून हसताहेत आणि "अच्छा, याच का त्या" म्हणताहेत, हे त्यांना खटकलं. त्यांनी एका पाहुण्याला थांबवून ती जाहिरात मोठ्यानं वाचायला लावली.

"हौ, पढो, पढो."

त्यानं शेवटपर्यंत वाचली. आपा तांदळाचं ताट बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात देत जिना चढून वर आल्या.

"जा रहे तुम लोगां?"

मेघाच्या हातात चहाचा ट्रे होता. बदलीची बातमी येऊन महिना झाला होता. रोज सकाळी ती ठरवायची की आज आपांना आणि काकूंना सांगायचं, आणि रोज संध्याकाळी वाटायचं, घर मिळालं की सांगू.

"आपा, सांगणारच होते..."

"पूरे शहर को बता दिए. हमकू कैकू नै बोले?"

वरून यमुनाकाकू उतरल्या. त्यांना जाहिरात कुणी वाचून दाखवली ते कळलं नाही, पण त्यांच्या हातात किल्ली होती. त्यांनी ती टेबलावर, पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली.

"येणाऱ्यांना द्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "जाहिरातीत लिहिलंय तसं."

इंद्रजीत काही बोलणार तोच फोन वाजला. घरमालक सांडूअण्णा होते. ते लेण्यांपाशी फर्दापूरला हॉटेल चालवायचे आणि उस्मानपुऱ्यात वर्षातून एकदा उगवायचे.

"काय हो, माझं घर तुमी भाड्यानं देता व्हय?"

इंद्रजीतनं घाम पुसत पहिल्यापासून सगळं सांगितलं. पलीकडं पर्यटकांचा गलका चालू होता.

"बरं झालं की मग," सांडूअण्णा म्हणाले. "तुमी जाणारच, मला बी कुणीतरी लागणारच. माणसं आलीच हायेत तर आपाला बघू द्या. आपा व्हय म्हणंल त्याला दिलं."

हे ऐकल्यावर आपांचा राग जरा वेळ बाजूला पडला, कारण काम आलं होतं. त्यांनी जिन्याच्या वळणावर खुर्ची मागवली. रुसून वर निघालेल्या काकू दोन पायऱ्या चढून थांबल्या, आणि "तुम्हाला एकटीला काय कळणार, आपा" म्हणत त्यांनीही मेघाच्या स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून आणलं.

"नाम बोलो. खाली नाम. आगे का नक्को," आपांनी सुरुवात केली.

पहिला म्हणाला, आपण शांतताप्रिय आहोत, आपला कुणाला आवाज येणार नाही.

"येणार नाही म्हणजे?" काकूंनी विचारलं. "मी पडले तर तुम्हाला हाक ऐकू जाईल का?"

"दार बंद असलं तर..."

"पुढचा."

दुसऱ्या बाईंनी विचारलं, किल्ली शेजारी ठेवायची सक्ती आहे का. तिसऱ्याला ज्यूसवाल्याची वेळ लेखी हवी होती. चौथा गृहस्थ फार गोड बोलला. आपांना आणि काकूंना वाकून नमस्कार करून घर बघायला आत गेला, हॉलमधल्या बाबासाहेबांच्या फोटोपाशी थबकला, आणि त्याला एकदम आठवलं की आणखी एक जागा बघायची राहिलीय.

"फेल," आपा तो खाली उतरायच्या आत म्हणाल्या, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

मेघा सगळ्यांना चहा देत होती. अकराच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं की आपण आपल्याच जागेवर येणाऱ्या माणसांना साखर विचारतोय. जिन्यात हसणं चाललं होतं. काकू कुणाला तरी खालच्या नळाची वेळ समजावून सांगत होत्या. सात वर्षांपूर्वी त्यांनी ती मेघाला सांगितली होती, तेव्हाही अशीच बोटं मोजत. घरात कोण राहतं याचं जिन्याला काही नसावं, असं तिला वाटून गेलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना धुतलेली पातेली पुन्हा धुवायला लागली.

सगळ्यात शेवटी, पहिले आलेले हिमांशू आणि वैदेही उरले.

"पडोसी से झगडा हुआ कभी?" आपांनी विचारलं.

"नाही," वैदेही म्हणाली. "झगडायला कुणी भेटलंच नाही. चार वर्षं झाली." आणि ती हसायला गेली, पण ते हसणं अर्ध्यावरच राहिलं.

आपांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी मान डोलावली.

"इन्को दे देव," आपा म्हणाल्या. "भूखे हैं."

एवढं ठरल्यावर इंद्रजीतला जे सकाळीच सुचायला हवं होतं ते सुचलं. "मग तुमची पुण्याची जागा रिकामी होणार?"

"होणार ना. घ्या की," हिमांशू म्हणाला. "मालक परदेशात असतो. त्याला फक्त ऑनलाइन फॉर्म लागतो."

"सुरक्षित आहे का पण?" मेघानं विचारलं.

"बत्तीस कॅमेरे आहेत."

"आणि शेजारी?"

"समोर पाचशे चार आहे."

"पाचशे चार म्हणजे कोण?"

हिमांशूनं आठवून पाहिलं. "पाचशे चार."

"आडनाव विचारतात का तिथं?"

"ताई," वैदेही म्हणाली, "तिथं नावच कुणी विचारत नाही."

इंद्रजीत आणि मेघानं एकमेकांकडं पाहिलं. महिनाभर ते जे शोधत होते ते मिळालं होतं, आणि आनंद मात्र दोघांनाही होईना.

महिनाअखेरीस ट्रक आला. त्या दिवशी टेबलावरून परत नेलेली किल्ली काकूंनी वैदेहीला द्यायची होती, पण ती सापडत नाही म्हणाल्या, म्हणून नवी करून घ्यावी लागली. ट्रक निघाला तेव्हा आपा कुंडीला धक्का लावला म्हणून ड्रायव्हरशी भांडत होत्या. मेघाकडं बघण्यापेक्षा ते त्यांना सोपं जात होतं.

पुण्यातलं घर चांगलं होतं. लिफ्ट बोलायची. गेटवर कॅमेरा चेहरा ओळखायचा आणि मेघा साडेनऊला आली की हिरवा दिवा लावायचा. सम्यक शाळेतून यायचा, चपला काढायचा आणि जरा वेळ दाराकडं बघत उभा राहायचा. पंधराव्या दिवशी मेघानं आपांना फोन लावला.

"अभी रख," आपा घाईत म्हणाल्या. "वैदेही आयी है. उसकू पुलाव का हाथ नहीं जमता. रात को करती मैं."

मेघानं फोन ठेवला. तिला राग कुणाचा आला ते नीट कळेना. तिनं धपाट्यांचं पीठ मळायला घेतलं, आणि मळून झाल्यावर पाहते तो ते तिघांचं नव्हतंच, अख्ख्या जिन्याचं होतं. हाताला अजून कुणी बदलीचं सांगितलं नव्हतं.

चार धपाटी आणि वाटीभर दही ताटलीत घेऊन तिनं समोरची बेल वाजवली. साखळी लावलेलं दार बोटभर उघडलं. आत गळ्यात हेडफोन अडकवलेला, तिशीतला माणूस होता.

"मी काही मागवलं नाहीये."

"मी बी विकत नाही. समोर राहते. मेघा."

"ओके," तो म्हणाला. ताटली फटीतून जाईना. नाइलाजानं त्यानं साखळी काढली, ताटली घेतली आणि साखळी पुन्हा लावली.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी गेटवरून इंटरकॉम आला.

"मॅडम, पार्सल आहे. पाचशे चारमधून."

"पाचशे चार? ते तर माझ्या समोर हाय!"

"नियम आहे मॅडम. ओटीपी सांगा."

ताटली पाच मजले खाली जाऊन, रजिस्टरमध्ये नोंद होऊन, पाच मजले वर आली. फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, घासून लख्ख. आत चिठ्ठी होती. 'खूप छान होतं. याला काय म्हणतात?'

मेघा इतक्या मोठ्यानं हसली की इंद्रजीत आतून धावत आला. पुण्यात आल्यापासून हा आवाज त्यानं ऐकला नव्हता. ती तशीच बाहेर गेली आणि बेल दाबून उभी राहिली. दार बोटभर उघडलं.

"धपाटं," ती म्हणाली.

"धपाटा? पाठीत घालतात तो?"

"तो बी मिळंल, ताटली परत गेटवरून धाडली तर!"

तो ओशाळला. साखळीवर बोट फिरवत राहिला.

"आई म्हणायची, शेजारची ताटली रिकामी देऊ नये," तो म्हणाला. "दोन दिवस शोधलं. माझ्या घरात द्यायला काहीच नव्हतं. रिकामी हातात द्यायची लाज वाटली."

मेघानं मागं वळून उघड्या दारातून हाक मारली, "अहो, तवा ठेवा जरा," आणि समोर बघून म्हणाली, "या. गरम खाऊन बघा."

साखळी सुटली.