शब्द खमरियात, अर्थ कांचघरात

ज्ञान ही स्फोटक वस्तू असून तिची हाताळणी प्रशिक्षित माणसांनीच करावी, याबद्दल आमच्या जबलपूर मराठी बोली संशोधन मंडळात कधीच दुमत नव्हतं. सात सभासदांपैकी सहा जण दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. (सातवे शरच्चंद्र, मंडळाच्या त्रैमासिकाचे संपादक. नोकरी रेल्वेत, पण स्वभाव कारखान्यातलाच.)

इथल्या मराठी घरांतले, इतरत्र ऐकू न येणारे शब्द गोळा करायचे आणि ते सर्व संशोधकांना खुले करायचे, हे मंडळाचं उद्दिष्ट. पासष्टच्या उन्हाळ्यापर्यंत एक हजार चाळीस शब्द जमले. त्यातले नऊशे एकट्या नर्मदाबाईंनी सांगितलेले. (वय ब्याऐंशी, राहणार ओमती, दात तीन.)

सप्टेंबरात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद चिकटले आणि मंडळाने शब्दसुरक्षेचा ठराव केला. फ्यूज आणि दारू कोणी एका छपराखाली ठेवत नाही. त्याच न्यायाने शब्दांची पेटी खमरियाला आमचे सभासद मुरलीधरपंत यांच्या क्वार्टरमध्ये गेली आणि अर्थांची कांचघरला संपादकांकडे. कोणत्या शब्दाला कोणता अर्थ, हे सांगणारी जोड्यांची वही अतिगोपनीय ठरून जाळण्यात आली. त्या वेळी अध्यक्षांचे डोळे भरून आले होते. (धूरही होता.)

देवाणघेवाण मात्र थांबली नाही. दिवाळी अंकात आम्ही पाचशे शब्द छापले, अर्थांशिवाय. नागपूरच्या एका प्राध्यापकांनी अर्थ मागितले, तेही ताबडतोब पाठवले, शब्दांशिवाय. त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही, त्या अर्थी त्यांचं समाधान झालं असावं.

जानेवारीत नर्मदाबाईंची नात शकु धापा टाकत खमरियाला आली.

"काका, आजी परवापासून 'टिवळी दे, टिवळी दे' म्हणून राहिली. पाणी दिलं, गोधडी दिली, जपाची माळ दिली. मान हलवून नाहीच म्हणते. टिवळी म्हणजे काय जी?"

मुरलीधरपंतांनी मिनिटभरात चिठ्ठी काढली. "हा शब्द आहे न आपल्याकडे!" त्यांना झालेला आनंद खरा होता.

"अन् अर्थ?"

"तो कांचघरला. पण कोणता, ते आता सांगता येत नाही, बेटा."

"मग अर्थांची अख्खी पेटीच द्या. मी एकेक वाचून दाखवते. आजी 'हो' म्हणेल तिथं थांबते."

मुलगी हुशार होती. पण ठरावातला नियम चार असा की, अर्थ ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच पेटी दाखवावी. त्यानुसार पात्र व्यक्ती साऱ्या जबलपुरात एकच, खुद्द नर्मदाबाई. शकु तशीच कांचघरला धावली, तेव्हा आजींनी बसने येऊन सही करावी, असं संपादकांनी सुचवलं.

"अहो, आजी चालली!" शकु रडायला लागली. "सही काहून मागता?"

"अच्छा?" संपादक म्हणाले. "मग अर्जावर 'तातडीचे' असं लिही."

अर्ज तीन प्रतींत आला. मंडळाने विशेष बैठक घेऊन अपवाद केला आणि सोमवारी एकमताने परवानगी दिली. नर्मदाबाई शनिवारीच गेल्या होत्या.

त्रैमासिकाने त्यांच्यावर विशेषांक काढला. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत फक्त 'टिवळी'. अंक देखणा झाला. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वाचकहो, आम्हाला हसा, खुशाल हसा. तुमच्या घरातली म्हातारीही काहीतरी बोलत असते आणि तुम्ही तिकडे न बघताच "हो, हो" म्हणता. आम्ही निदान चिठ्ठ्या तरी लिहिल्या होत्या.