मोहितेकाका आणि शिळं पाणी

आमच्या सोसायटीतले मोहितेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी संडासात जातात. गरज म्हणून नव्हे, पाहणीला. फ्लशच्या टाकीचं झाकण उचलायचं, आत पाणी वाचवायला वाळूने भरलेली बाटली ठेवलीय का ते बघायचं आणि मगच सोफ्यावर टेकायचं. बाटली असली तर चहा घेतात. नसली तर चहाही घेत नाहीत आणि उठतही नाहीत.

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हाही काका हजर. मुलाच्या वडिलांना त्यांनी विचारलं, "तुमच्यात आंघोळ बादलीनं का शॉवरनं?" ते बिचारे "शॉवर" म्हणून बसले. "मग इचार करावा लागंल," काका म्हणाले, जणू मुलगी त्यांचीच. स्थळ जमलं, ते काकांच्या नाकावर टिच्चून.

काका मूळचे माणचे, पावसाने पाठ फिरवलेल्या मुलखातले. आयुष्य गेलं एपीएमसी मार्केटात पालेभाजीच्या गाळ्यावर. त्यामुळे पाण्यावरची त्यांची मतंही भाजीच्या भाषेत येतात. आमच्याकडे रोज सकाळी कालचं पाणी ओतून ताजं भरायची पद्धत आहे. एकदा काकांनी माझ्या बायकोला रंगेहाथ पकडलं. "वहिनी, पाणी काय मेथीची जुडी हाय व्हय, शिळं व्हायला?" तेव्हापासून हे वाक्य आम्ही जिन्यात, लिफ्टमध्ये, गणपतीच्या आरतीनंतरही ऐकत आलोय. बायको आता खिडकीचा पडदा ओढून पाणी ओतते.

यंदा पालिकेची माणसं नेरूळमधल्या सोसायट्यांची पाणीबचत तपासणार असं कळलं आणि काकांच्या अंगातच आलं. गच्चीवरचं पावसाचं पाणी त्यांनी शोषखड्ड्यात सोडलं, नळांना जाळ्या बसवल्या, घराघराला मीटर लावायला लावले. शिवाय नियम केला, ज्याचं मीटर सगळ्यात पुढे, त्याचं नाव लिफ्टशेजारच्या फळ्यावर. पालिकेच्या माणसांपुढे बोलणारही तेच होते. त्यासाठी पांढरा सदरा इस्त्रीला टाकला होता.

आदल्या संध्याकाळी सेक्रेटरी म्हात्रे सगळे मीटर बघून माझ्याकडे आले. म्हात्रे इथल्याच सारसोळे गावचे. हसू दाबत म्हणाले, "भाऊ, सगल्यात जास्ती पानी कोनाच्या घरान जातंय, सांगा बघू."

मी बायकोकडे बघितलं.

"नाय वो. मोहितेकाकांच्या."

घरात माणसं दोन, काका आणि काकू. मला झालेला आनंद लपवण्यासारखा नव्हता आणि मी तो लपवलाही नाही. इतक्या दिवसांचं उट्टं काढायचं म्हणून सकाळी पाहणीच्या आधीच म्हात्रे आणि मी काकांकडे निघालो.

काका कुणालाही उंबऱ्याच्या आत घेत नसत. "हिचं गुडघं दुखत्यात," म्हणत दारातच बोलत. त्या दिवशी दार उघडंच होतं. आत बघितलं तर हॉलभर हंडे, कळशा, पातेली, अगदी वाट्यासुद्धा काठोकाठ भरलेल्या. काकू एकेक हंडा मोरीत रिकामा करून पुन्हा नळाखाली धरत होत्या. ओतलेलं पाणी काका खाली बादलीत झेलत होते.

काकूंनी मला बघितलं. मी कोण ते त्यांना कळलं नाही. "भरून घे बाबा," त्या घाईने म्हणाल्या, "पाणी जाईल आता."

काका बादली घेऊन बाहेर आले. त्यांनी मीटरचं नाव काढू दिलं नाही.

"हिला आता काय आठवत न्हाय. मी बी न्हाय कधी कधी. पाणी जाणार, येवढंच ध्यानात हाय. नळ बंद केला की रडती." जिन्याखालच्या झाडांकडे त्यांनी मान हलवली. "हे तिकडं घालतो. पण तेवढ्यानं भागत न्हाय. हिच्या वाट्याचं कुठनंतरी भरून काढाय नको?"

म्हणजे माझ्या संडासातली बाटली काकूंसाठी होती.

"फळ्यावर नाव लिवा माझं," काका म्हणाले. "नियम हाय."

म्हात्रेंनी खिशातला खडू बाहेर काढलाच नाही. त्यांनी काकांच्या हातातली बादली घेतली आणि ते जिना उतरू लागले.

आतून काकूंनी हाक मारली, "आवं, ह्यो हंडा कालचा हाय का?"

मी मेथीची वाट बघत उभा राहिलो. काकांनी दुसरी बादली उचलली आणि मोरीकडे वळले.

"व्हय गं," ते म्हणाले, "शिळं झालंय. वत, आन् ताजं भर."