गयाबाईचं भ्याव

गयाबाई समोरून येताना दिसली की आमच्या गावात माणसं आधी आपले पाय सांभाळतात. रामराम व्हायच्या आत ती खाली वाकते, साडीचा काठ नाहीतर धोतराचा सोगा बाजूला सारते आणि घोट्याच्या वर, हाडावर, अंगठा दाबून धरते. मनात पाच आकडे मोजते. अंगठा उचलल्यावर तिथं खड्डा राहिला नाही तर "हं" करते आणि मगच विचारते, "बरं हाय का?"

गरोदर बाईच्या पायावर सूज आहे का ते असं बघायचं, एवढंच तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. गरोदर बाईच्या, असं शिकवणारीनं दोनदा सांगितलं होतं म्हणे. गयाबाईनं ते सगळ्या गावाला लावलं. सरपंचांनी पहिल्या वेळी डोक्यावर हात ठेवून तिला तोंडभर आशीर्वाद दिला. नवीन डॉक्टर आले तेव्हा पहिल्याच मीटिंगला, पन्नाशीची बाई आपल्या पाया पडतेय म्हणून तेही घाईघाईनं वाकले आणि दोघांची डोकी आपटली. डॉक्टर कपाळ चोळत होते आणि ही खालूनच सांगत होती, "सूज न्हाई साहेब."

मी इथल्या उपकेंद्राची नर्स. गाव गंगाखेड तालुक्यातलं, राणीसावरगावच्या पुढचं. गयाबाई आमची आशा कार्यकर्ती. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणते. ती मला सिस्टर म्हणते आणि सासूसारखी झापते.

आता भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मी स्वतः पालीला भिते. पण गयाबाई भिण्यात कसर ठेवत नाही. ती लिफ्टला भिते, सरकारी पत्राला भिते, लाल शाईला भिते. फोन वाजला की भिते आणि दोन दिवस वाजला नाही तर जास्त भिते. घरात एकटी राहते, दाराला दोन कुलपं लावते, आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन दोन्ही ओढून बघते. आत चोरण्यासारखं काय आहे म्हणावं तर तीन भांडी आणि लोहाच्या गोळ्यांची खोकी.

तिचं एक ठरलेलं वाक्य आहे. "सिस्टर, मला भ्याव वाटायलंय." सकाळी उपकेंद्राचं दार उघडलं की ओट्यावर गयाबाई बसलेली आणि हे वाक्य तयार. कुणाची सून दोन दिवस हसली नाही, कुणाचं बाळ फार शांत निजतंय, कुणी सहाव्या महिन्यात कापूस वेचायला गेली. दहातल्या नऊ वेळा काहीच नसायचं. मी तिची थट्टा करायचे. "मावशी, तुमचं भ्याव रजिस्टरला कोणत्या रकान्यात लिहू?" ती रागवायची नाही. "लिव्हा कुटंबी," म्हणायची, "पर चला."

तिचं भ्याव गावालाही लागलं होतं आणि त्याचा मला फायदाच व्हायचा. गोळ्या सगळ्याच बायका घेऊन जातात आणि कणगीवर ठेवून देतात. गयाबाई समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची, मग तोंड उघडून जीभ वर करायला सांगायची. एका पोरीनं विचारलं, "न्हाई गिळली तर काय व्हतंय?"  गयाबाई नुसती तिच्याकडं बघत राहिली. पोरीनं दोन गिळल्या.

रुक्मिणसाठी ती पंधरा दिवसांत दोनदा आली होती. रुक्मिण म्हणजे कौसाबाईची धाकटी सून, वय वीस, पहिलटकरीण. "सिस्टर, तिचं तोंड बगा, मला भ्याव वाटायलंय." मी तपासलं होतं. रक्तदाब थोडा चढलेला होता, फार नाही. मी लिहून घेतलं, मीठ कमी करायला सांगितलं आणि पुढच्या वेळी बघू म्हटलं. ते "पुढच्या वेळी" मला अजून टोचतं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला होता, श्रावण दोनदा होता. दुसऱ्या श्रावणात नागपंचमी. बायका वारुळाला जाऊन, लाह्या-दूध वाहून दुपारी परत येत होत्या आणि आम्ही दोघी लसीचा डबा घेऊन त्याच वाटेनं निघालो होतो. रुक्मिण सासूच्या मागं चालत होती. पंचमीला सगळ्या पोरी माहेरी जातात, हिला धाडलं नव्हतं. हातापायांवर मेंदी काढली होती तेवढीच पंचमी. गयाबाई सवयीनं वाकली, मेंदीच्या शेजारी अंगठा दाबला, उचलला.

आणि ती उठलीच नाही. मी वरून बघितलं. बोराची बी बसेल एवढा खड्डा होता आणि तो भरून येत नव्हता. गयाबाई त्याच्याकडं बघत बसली. ते ठरलेलं वाक्य ती बोलली नाही. मी लसीचा डबा खाली ठेवला.

घरी नेऊन ओट्यावर बसवली. रुक्मिण म्हणाली, सकाळपासून डोकं फुटायलंय आणि डोळ्यांपुढं काजवे दिसायलेत. मी रक्तदाब घेतला. माझा विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या हातावर घेतला. तेवढाच, उलट जरा जास्तच. मी अॅम्ब्युलन्सला फोन लावला.

गाडी आली. कौसाबाई दारात आडवी उभी राहिली.

"कुटं न्यायलाव?"

"परभणीला. आत्ताच्या आत्ता. हिला झटके येतील."

"आठवा हाय," कौसाबाई म्हणाली. "आठव्यात गंगा वलांडायची न्हाई. माज्या जावंनं वलांडली, पोरगंबी गेलं आन् तीबी गेली. मी या डोळ्यानं बगितलंय. म्हनून तर पंचमीला माहेरी धाडली न्हाई. द्या की गोळी हितंच."

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि परभणी गंगेच्या पलीकडं. शिवाय सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी बोलत सुटले. लघवीतलं प्रथिन, मेंदूवरचा दाब, माझ्या हातात होतं ते सगळं तिच्यावर फेकलं. आवाजही चढवला. कौसाबाई वाईट बाई नाही. ती माझ्यापेक्षा जास्त भ्यालेली होती आणि भ्यालेल्या माणसाला आकडे ऐकू येत नाहीत. रुक्मिण खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती. ड्रायव्हर घड्याळ बघत होता.

तेवढ्यात गयाबाई उठली आणि कौसाबाईच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसली, जशी काही सुपारी खायला आली होती.

"कौसाबाई, राहिली कव्हा?"

"माघात."

गयाबाईनं बोटांची पेरं धरली. "माघ, फागुन, चैत, वैशाख, जेठ, आखाड. सा झाले. म्होरं?"

"धोंडा सात. ह्यो श्रावण आठ."

"धोंडा धरलाव व्हय?" गयाबाई इतक्या आश्चर्यानं म्हणाली की मीही चमकले. "धोंड्यात लगीन लावताव का?"

"न्हाई."

"घरभरणी करताव?"

"न्हाई."

"मंग पोट कसं मोजताव? धोंडा कशातच धरत न्हाईत. सातवाच हाय तिला."

शेजारच्या ओट्यावरची म्हातारी हे सगळं कान देऊन ऐकत होती. तिनं मान हलवली. "खरंच हाय की. धोंडा धरत न्हाईत."

कौसाबाईनं पुन्हा पेरं मोजली. ओठ हलत होते. माझ्या मांडीवर रजिस्टर उघडं होतं आणि त्यात एकतिसावा आठवडा असं माझ्याच हातानं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी रजिस्टर हळूच मिटलं आणि त्यावर हात ठेवला. नोकरीतलं माझं ते पहिलं खोटं, तेही तोंड न उघडता.

कौसाबाई दारातून बाजूला झाली.

वाटेत आरोग्य केंद्रावर डॉक्टरांनी झटके थांबवायचं पहिलं इंजेक्शन दिलं आणि आम्ही पुढं निघालो. गयाबाईनं रुक्मिणचे पाय मांडीवर घेतले होते. गंगाखेडचा पूल आला तशी ती माझ्या कानाशी वाकली. 

"सिस्टर, आठवाच हाय. पोट कुटं धोंडा वळखतंय?"

"मला माहितीय."

"वलांडाय नको व्हती का वो?"

मी रुक्मिणची नाडी धरून ठेवली. खाली गंगा वाहत होती आणि गयाबाई डोळे गच्च मिटून बसली होती, तोंडानं देवाचं नाव चालू. तेव्हा मला कळलं की कौसाबाईच्या मनात जे होतं तेच हिच्याही मनात होतं, पुरेपूर. फरक इतकाच की हिनं ते मनात ठेवून गाडीत पाय टाकला होता. पूल संपेपर्यंत मलाही खाली बघवेना.

परभणीच्या दवाखान्याच्या दारात रुक्मिणला झटका आला. तिचे दात वाजल्याचा आवाज मी विसरणार नाही. स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं. गयाबाई दारासमोर भिंतीला टेकून खाली बसली.  दोन तासांनी आतून निरोप आला, ऑपरेशन झालं, मुलगी आहे, एक किलो तीनशे. आई शुद्धीवर यायची आहे.

माझी ड्यूटी होती, मला परतावं लागलं. गयाबाई राहिली. पुन्हा गेले ते पाचव्या दिवशी. रुक्मिण वाचली होती. अजून वेगळ्या वॉर्डात होती, बोलत होती, पण उठून बसायची ताकद नव्हती. मागाहून आलेली कौसाबाई तिच्या उशाशी होती. मला बघून ती रडली, माझे हात धरले. नातीबद्दल विचारलं तर तोंड फिरवलं. "हितल्या डाक्टरनं आठवाच सांगितला. जीव लावून काय करायचं सिस्टर? जानार त्ये."

बाळाच्या वॉर्डात गेले. तिथली सिस्टर म्हणाली, बाळाला आता काचेच्या पेटीतून काढून उघड्या छातीशी धरायचं असतं, ऊब मिळते, वजन वाढतं. आईला जमत नव्हतं, आजी हात लावत नव्हती. "मग त्या मावशी म्हणाल्या, मी हाय. कालपासून तशाच बसल्यात. वीस ग्रॅम वाढलंय."

कोपऱ्यातल्या खुर्चीत गयाबाई बसली होती. चोळीची बटणं सोडलेली, वरून शाल, आणि शालीतून मुठीएवढं डोकं बाहेर. तिनं मला बघितलं आणि डोळ्यांनीच हळू बोलायला सांगितलं. मी स्टूल ओढून जवळ बसले. बराच वेळ आम्ही ते डोकं वरखाली होताना बघत होतो.

"माजंबी आठव्याचंच व्हतं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "कारखान्याच्या फडावर. ऊस तोडता तोडता झालं, पाचटाच्या कोपीत. सासू म्हनली, आठव्याचं हाय, जीव लावू नको, दूद पाजू नको, उगं तुलाच तरास हुईल. बाजूला फडक्यात ठिवलं. तीन दिस बारीक बारीक रडत व्हतं."

"आणि तुम्ही?"

"म्या तोंड फिरवून निजले. म्हनलं, जीव लागल." तिनं शाल बाळाच्या मानेपर्यंत ओढली. "परत काई राहिलं न्हाई. मालकानं दुसरी केली. त्याचं काई न्हाई. पर सिस्टर, तुमी शिकलेल्या हाव. म्या तव्हा असं छातीला धरलं असतं तर जगलं असतं का?"

आठवा महिना, तीन दिवस दुधाशिवाय, कोपीतल्या थंडीत तीन दिवस. एवढं ज्याला झेपलं, ते छातीशी धरलं असतं तर काय झालं असतं हे कुठल्याही नर्सला विचारा.

"नसतं जगलं, मावशी," मी म्हटलं.

 ती खाली बाळाकडं बघून म्हणाली, "लबाड बोलायलाव तुमी," आणि त्याचा पाय शालीत नीट आत घेतला.