सोळावं मानांकन आणि डोलोरेसच्या गोधड्या

"या वर्षी आपण सोळावे. लिहून घ्या," बेकरीतल्या गोल टेबलावर कप ठेवत व्हर्लिन सोबोत्का म्हणाला, आणि त्या क्षणापासून अख्खं प्लम फोर्क गाव कामाला लागलं.

आता सोळावं येण्यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉल स्पर्धेत देशभरातून चौसष्ट संघ घेतात. कोण कितवा हे एक समिती ठरवते आणि नोव्हेंबर संपता संपता एका रविवारी टीव्हीवर जाहीर करते. पहिल्या सोळांना पहिल्या दोन फेऱ्यांचं यजमानपद मिळतं, म्हणजे बाकीच्या संघांनी त्यांच्या गावी यायचं. सतरावा नंबर आला की भरा बॅगा. प्लम फोर्क कॉलेजच्या मुलींनी आजवर फक्त बॅगाच भरल्या होत्या.

व्हर्लिनच्या शब्दाला नेब्रास्काच्या आमच्या भागात वजन होतं. तो आयुष्यभर गावच्या धान्यकोठाराचा व्यवस्थापक होता आणि ट्रकमधल्या मक्याकडे नुसतं बघून त्यातला ओलावा सांगायचा. निवृत्त झाल्यावर त्याने हीच नजर व्हॉलीबॉलवर रोखली. तळघरात दोन टीव्ही लावून तो बसे. कोणी कुणाला कुठे हरवलं, कुणाची उंच मुलगी गुडघा धरून बसली, कुणाच्या हॉलमध्ये त्याच आठवड्यात घोड्यांचं प्रदर्शन आहे आणि म्हणून त्यांचं यजमानपद हुकणार, हे सगळं त्याला तोंडपाठ असायचं. दरवर्षी सोळा नावं आणि सोळा गावं तो आधीच सांगे आणि एखाददुसरं सोडलं तर सगळी बरोबर येत. मोठ्या शहरांतले पत्रकारसुद्धा त्याला फोन करायचे. असं ज्याचं नाव, त्याने थोडी मान ताठ ठेवली तर बिघडलं कुठे!

आणि पोरी खरोखर तशाच होत्या. टेस लिंडग्रेन कोच म्हणून आली तेव्हा सरावाला समोर सहा जणी उभ्या करायच्या तर बास्केटबॉलवाल्या उसन्या आणाव्या लागत. त्याच संघाने या वर्षी दोन बलाढ्य विद्यापीठांना त्यांच्याच गावात जाऊन लोळवलं होतं. कीरा प्रोहास्का ही शेतकऱ्याची पोर बॉल उचलून द्यायची. तिच्या बोटांतून बॉल सुटला की जाळीपलीकडच्या तिघी एकीकडे उड्या मारायच्या आणि बॉल भलतीकडेच जाऊन पडलेला असायचा. तिच्यासकट पाच जणींचं हे शेवटचं वर्ष होतं. एकदा, फक्त एकदा, त्यांना ही स्पर्धा आपल्या माणसांसमोर खेळायला मिळावी, एवढंच गावाला हवं होतं. व्हर्लिनला तर ते सगळ्यांहून जास्त हवं होतं.

त्यात त्याचा स्वतःचा एक सिद्धांत होता. कॉलेजच्या हॉलचं छप्पर पत्र्याचं. गावकरी आत बसून पाय आपटायला लागले की असा काही गडगडाट व्हायचा की पाहुण्यांना आपलं नावसुद्धा आठवू नये. "ते छप्पर म्हणजे आपली सातवी खेळाडू," असं तो रेडिओवर म्हणाला आणि मग कुणालाच धीर धरवेना. चर्चच्या बायकांनी चिली, म्हणजे खिमा-राजम्याची तिखट आमटी, आणि तिच्यासोबतच्या दालचिनी रोलचं काम वाटून घेतलं. मोटेलवाल्याने पुढच्या भिंतीला रंग दिला, आणि मागच्या भिंतीने काय पाप केलंय म्हणून तिलाही दिला. समितीचा निकाल अजून लागायचा होता, पण व्हर्लिनचा लागला होता.

बुधवारी संध्याकाळी तो विजयी मुद्रेने घरी आला. त्याची बायको अर्डिस गोधडीची कड शिवत बसली होती. त्याने सगळी हकिगत सांगितली.

"कुठल्या हॉलमध्ये म्हणालास?" दोरा दातांनी तोडत तिने विचारलं.

"कुठल्या म्हणजे? आपल्याच."

"त्या शुक्रवारी-शनिवारी तिथे आमच्या गोधड्या आहेत."

व्हर्लिन मटकन खुर्चीत बसला. गोधड्यांचं वार्षिक प्रदर्शन म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आजूबाजूच्या पाच तालुक्यांतून बायका शंभरावर गोधड्या घेऊन यायच्या आणि सगळा कारभार डोलोरेस वाव्राच्या हातात होता. पण ते तर दरवर्षी ऑक्टोबरात असतं, असं तो चाचरत म्हणाला.

"या वर्षी ऑक्टोबरात हॉलची फरशी घासायची होती. म्हणून एप्रिलमध्येच तुला विचारलं होतं, डिसेंबरचा पहिला शनिवार व्हॉलीबॉलला लागेल का."

"मग मी काय म्हणालो?"

"आपल्या हयातीत नाही, म्हणालास. तुझा अंदाज कधी चुकत नाही, म्हणून मी डोलोरेसला तेव्हाच हॉल घ्यायला सांगितलं." अर्डिसने सुईत दुसरा दोरा ओवला. "जगातल्या सगळ्या हॉलमधले घोडे तुला दिसतात रे."

हॉल रिकामा आहे, हे कॉलेजने शुक्रवारपर्यंत समितीला कळवायचं होतं. नाहीतर सोळावं मानांकन मिळूनही पोरींना बॅगाच भराव्या लागणार होत्या. व्हर्लिन धावत क्रीडासंचालकांकडे गेला. त्यांना गोधड्यांचं आधीपासून माहीत होतं. पण लहानपणी त्यांना चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायला डोलोरेस होती आणि आजही तिला बघून त्यांचे हात आपोआप पाठीमागे जात. तिला हॉल सोडायला सांगणं आपल्याच्याने होणार नाही, तूच बघ, असं म्हणून ते मोकळे झाले.

मग व्हर्लिन प्रदर्शनाच्या तिन्ही कारभारणींच्या दारी गेला. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. डोलोरेसने त्याला कॉफी दिली, पोरींचं भरभरून कौतुक केलं, कीरा किती गुणी आहे ते सांगितलं आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "तसंही करता येईल म्हणा." लव्हॉन म्हणाली, बाकीच्यांना चालत असेल तर तिचं काय जातंय. हेडीने तो म्हणतोय तर खरंच असेल, एवढंच सांगून खिडकीबाहेर बघितलं. निघताना तिघींनीही त्याला जर्दाळू भरलेले गोल गोड पाव, कोलाचे, बशीत झाकून दिले. व्हर्लिनचा जीव भांड्यात पडला. त्याने वाटेतूनच क्रीडासंचालकांना हॉल मोकळा झाल्याचं कळवलं आणि त्यांनी तसं तडक समितीला कळवून टाकलं.

घरी अर्डिसने टेबलावरच्या तीन बश्या पाहिल्या.

"तिघींनी घरी न्यायला बांधून दिले?"

"हो. किती मायाळू बायका आहेत."

"व्हर्लिन, तुझा जन्म या गावातला ना? बायकांना पटलं असतं तर त्यांनी तुला तिथेच बसवून खायला लावले असते. बांधून दिले म्हणजे विषय संपला, आता ऊठ."

हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. व्हर्लिनलाही कळत होतंच, पण यजमानपदाच्या ध्यासाने त्याची बुद्धी सुटीवर गेली होती. आता क्रीडासंचालकांना फोन करून शब्द मागे घ्यावा तर पोरी गेल्या, आणि न घ्यावा तर डोलोरेस उभी. त्याने फोन तीनदा उचलला आणि तीनदा खाली ठेवला.

रविवारी सगळं गाव हॉलमध्ये मोठ्या पडद्यासमोर जमलं. पहिलं मानांकन आलं, दुसरं आलं, व्हर्लिनने सांगितल्याबरहुकूम नावं येत गेली आणि प्रत्येक नावाला लोक मागे वळून त्याच्याकडे कौतुकाने बघायला लागले. पंधरा बरोबर आली. मग पडद्यावर 'प्लम फोर्क' झळकलं, खाली यजमान म्हणून पुन्हा 'प्लम फोर्क', आणि छप्पर उडतं की काय असा गलका झाला. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. टेस कोच पडद्याकडे पाठ करून उभी होती, कारण तिलाही रडू आवरत नव्हतं. व्हर्लिनने उभ्या आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं आणि इतकी भीतीही त्याला कधी वाटली नव्हती.

गर्दीतून डोलोरेस आली. तिचेही डोळे ओले होते, कारण व्हॉलीबॉलचा एकही सामना तीही चुकवायची नाही. तिने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"पोरींचं सोनं झालं रे," ती म्हणाली. "आम्ही गुरुवारी सकाळी येतो गोधड्या लावायला."

गुरुवारी सकाळी समितीची पर्यवेक्षक बाई पूर्वेकडच्या कुठल्याशा शहरातून हॉल तपासायला आली. एका दारातून ती आत शिरली आणि दुसऱ्या दारासमोर गोधड्यांनी भरलेले ट्रक मागे मागे येत लागले. कोर्टाच्या मधोमध व्हर्लिन उभा होता. त्याने टेस कोचला आदल्या दिवशी सगळं खरं सांगून टाकलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त, "पोरींना मी काय सांगू?" एवढंच म्हणाली होती आणि ते त्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

पर्यवेक्षक बाईने उंची मोजली, दिवे पाहिले, आणि मग तिची नजर भिंतींकडे गेली. आमच्या हॉलच्या भिंतींवर गावातल्या एकूण एक धंद्याची पाटी आहे. ट्रॅक्टरवाला, बँक, खतवाला, आणि दाराजवळ सगळ्यात मोठी पाटी अंत्यविधीवाल्याची, 'शेवटपर्यंत तुमच्यासोबत'.

"स्पर्धेत स्थानिक जाहिरात चालत नाही," ती म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत हे सगळं झाकलं पाहिजे. नाहीतर मला सामने दुसरीकडे हलवायला सांगावं लागेल."

क्रीडासंचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढं कापड सगळ्या तालुक्यात नव्हतं. व्हर्लिनच्या डोक्यात मात्र त्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी पेटलं, पण तो तोंड उघडणार तेवढ्यात दारातून डोलोरेस म्हणाली, "झाकायलाच हवंय ना? मग बाजूला व्हा."

आणि मग त्या बायकांनी जे काम केलं ते बघत राहावं असं होतं. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी कुणाला हुकूम सोडला नाही. शिड्या लागल्या, दोऱ्या बांधल्या गेल्या, आणि बघता बघता ट्रॅक्टरवर चांदण्या चढल्या, बँकेवर उडती बदकं आली, आणि अंत्यविधीवाल्याच्या पाटीवर डोलोरेसने स्वतःची, लग्नाच्या अंगठ्यांच्या नक्षीची गोधडी लावली. सज्जाचे कठडे भरले, छताखालच्या तुळया भरल्या. पर्यवेक्षक बाई एका गोधडीपाशी थांबली आणि तिने हात पुढे केला.

"हातमोजे," डोलोरेस म्हणाली आणि तिने पांढऱ्या हातमोज्यांची जोडी पुढे केली. बाईने ते मुकाट्याने घातले. पुढे ती एकेका गोधडीसमोर इतका वेळ उभी राहिली की तिला चिली तिथेच नेऊन द्यावी लागली. तिने नियमांच्या सगळ्या रकान्यांवर बरोबरची खूण केली. पाच तालुक्यांतल्या बायका येऊन सज्जातून फिरून प्रदर्शन बघणार आणि मग तिथेच बसून सामना बघणार, असं ठरलं. टेस कोचने व्हर्लिनला मिठी मारली. त्याची मान पुन्हा जरा ताठ झाली.

शुक्रवारचा पहिला सामना पोरींनी इतका सहज जिंकला की गावाला पाय आपटायची वेळच आली नाही. शनिवारी समोर किनाऱ्यावरच्या विद्यापीठाचा संघ होता, सहा-सहा फुटी पोरींचा. आमच्या छपराची कीर्ती ऐकून त्यांनी म्हणे आठवडाभर कानाशी भोंगे लावून सराव केला होता. सामना सुरू झाला, गावाने पाय आपटले, आणि व्हर्लिनने दचकून छपराकडे पाहिलं. आवाजच होईना! शंभर गोधड्यांनी सगळा गडगडाट पिऊन टाकला होता. दोन हजार माणसं जीव तोडून ओरडत होती आणि हॉलमध्ये दुपारी जेवून आडवं झाल्यासारखी शांतता होती. पहिला सेट गेला. सातवी खेळाडू पांघरूण घेऊन झोपली होती आणि तिला झोपवणारा एप्रिलमधला व्हर्लिनच होता. तो अर्डिसकडे बघायचंही टाळत होता.

दुसऱ्या सेटमध्ये टेस कोच बाकावरून नेहमीसारखी ओरडली, "डावीकडे जागा आहे!" आणि कीराने चमकून मागे पाहिलं. घरच्या हॉलमध्ये सामना रंगलेला असताना चार वर्षांत पहिल्यांदा तिला कोचचं बोलणं ऐकू आलं होतं. तिने बॉल डावीकडे सोडला आणि तो रिकाम्या जागेत पडला. मग कोचने ओरडणं सोडून नुसतं सांगायला सुरुवात केली आणि पोरी ऐकायला लागल्या, एकमेकींशी बोलायला लागल्या. पलीकडच्या उंच पोरी मात्र कधी गडगडाट होतोय याची वाट बघून बघून कावल्या होत्या. काय खेळल्या आमच्या पोरी! शेवटचा बॉल पडला तेव्हा त्या पाच जणी कोर्टावर आडव्या पडून छताकडे बघत हसत होत्या आणि व्हर्लिन लहान पोरासारखा रडत होता. आपला सिद्धांत सपशेल खोटा ठरला याचं त्याला त्या घडीला काहीएक वाटलं नाही.

टेस कोच धावत सज्जाकडे आली. व्हर्लिनने दोन्ही हात पसरले. ती त्याला वळसा घालून डोलोरेससमोर जाऊन उभी राहिली.

"पुढची फेरी परक्या हॉलमध्ये आहे," ती धापा टाकत म्हणाली. "गावाच्या बसमध्ये किती मावतील?"

डोलोरेस आणि अर्डिसने एकमेकींकडे पाहिलं.

"माणसं जरा कमी केली तर बऱ्याच," अर्डिस म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी बस निघाली तेव्हा व्हर्लिन बेकरीच्या दारात उभा राहून हात हलवत होता. पुढून तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, त्याच्या नेहमीच्या जागेवर लग्नाच्या अंगठ्यांची गोधडी बसली होती. अर्डिसने तिला पट्टासुद्धा बांधला होता.