मागच्या खोलीतलं कॉलेज

नातू कॉलेजच्या तासाला झोपला, याचं आजींना फारसं काही वाटलं नाही. पण तास संपून सगळी मुलं निघून गेली तरी तो घोरतच होता आणि फोनमधून सर एकटेच विचारत होते, "तुम्ही थांबलात, काही शंका आहे का?" हे मात्र त्यांना ऐकवलं नाही. नातवाचा कॅमेरा बंद होता. त्यामुळे एक तरी मुलगा कळकळीचा निघाला, अशी सरांची समजूत झाली होती.

साथीमुळे कॉलेज बंद होऊन सहा महिने झाले होते. मुलगा आणि सून नोकरीच्या गावी अडकलेले, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आजी आणि नातू दोघंच होते. नातवाचा पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर राहिला होता. तो पुन्हा द्यायला दीड महिना उरला होता आणि या खेपेलाही गेला तर वर्ष बुडणार होतं.

"मन लागत नाही गं," नातू अंथरुणातूनच म्हणाला. "सकाळी उठून जायचं कुठे, तर उशीवरून भिंतीपर्यंत."

आजींनी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या टाईम ऑफिसात हजेरी घेतली होती. भोंगा झाला की पाच मिनिटांची सवलत, मग फाटक बंद. मॅनेजरच्या मेव्हण्यालाही त्यांनी एकदा तासभर उन्हात उभं केलं होतं. कामात मन लागतं का, असं त्या काळी कोणी कोणाला विचारत नसे. माणूस वेळेवर फाटकातून आत आला की मन मागाहून येतं, एवढं आजींनी रोज डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मागची खोली कॉलेज झाली. आठ चाळीसला नातवानं आंघोळ करून, बूट घालून, पाठीला बॅग लावून घरातून निघायचं, तीन मजले उतरायचे, इमारतीच्या फाटकाला हात लावायचा आणि वर येऊन थेट मागच्या खोलीत जायचं. पावणेदोनपर्यंत तो घरी नाही. पाणी हवं तर बाटली भरून न्यायची, बाथरूमला जायचं तर आजींकडून गेटपास घ्यायचा. जाण्यायेण्याच्या वेळा वहीत लिहून त्याची सही. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापला, म्हणजे संध्याकाळचा मोबाईल बंद. "घर ते घर आणि कॉलेज ते कॉलेज," आजी म्हणाल्या. नातवाला आधी हसू आलं. आठवड्यानं गणितं यायला लागली, तेव्हा त्यानं हसणं बंद केलं.

तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत. खिडकीतून जिना उतरणारा कोण ते पाहून ते परत वर्तमानपत्रात डोकं घालत, चढणारे त्यांना दिसत नसत. रोज बॅग घेऊन बाहेर पडणारा मुलगा त्यांनी महिनाभर पाहिला आणि मग वर फोन केला. नातू कुठे आहे, म्हणून विचारलं.

"कॉलेजला गेलाय."

"आजी, कॉलेजं बंद आहेत."

"आमचं चालू आहे."

तासाभरात आरोग्य खात्याची दोन माणसं दारात आली. मुलगा रोज किती वेळ बाहेर असतो, असं त्यांनी विचारलं. पुराव्याशिवाय बोलायची सवय नसल्यामुळे आजींनी वहीच त्यांच्या हातात दिली. चौतीस दिवस, जायची वेळ, यायची वेळ, समोर सही. एवढा नीट कबुलीजबाब त्या दोघांना साथीच्या काळात कुठेच मिळाला नव्हता. तेवढ्यात गलबला ऐकून नातू बाहेर आला. पायात बूट, पाठीला बॅग.

"कॉलेज मागच्या खोलीत आहे," आजींनी समजावून सांगितलं. खात्याच्या बाईंनी आजींचं वय विचारलं आणि लिहून घेतलं. मग दारावर कागद चिकटवला. चौदा दिवस कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

पेपर नवव्या दिवशी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजले तरी नातू अंथरुणात होता. आजींनी पांघरूण ओढलं.

"मी घरी आहे, आजी," तो शांतपणे म्हणाला. "आणि घर ते घर, कॉलेज ते कॉलेज. बाहेर पडल्याशिवाय तिथे पोचणार कसं?"

नियम आजींचाच होता आणि त्यात कुठे फट नव्हती. दुपारी त्यांना संपाचं वर्ष आठवलं. लोकांनी फाटक बाहेरून अडवलं, तेव्हा त्या तीन दिवस टाईम ऑफिसातच राहिल्या होत्या. टेबलावर झोपल्या आणि रोज एकाच माणसाची हजेरी लावली, स्वतःची. जाता येत नसेल तर तिथेच राहायचं.

संध्याकाळी नातवाची गादी, कपडे आणि बादली मागच्या खोलीत गेली. ते आता हॉस्टेल होतं. जेवणाचा डबा दाराशी ठेवायचा, रिकामा डबा तिथूनच उचलायचा. बाथरूम सामाईक होतं. तिथे गाठ पडली तर दोघंही ओळखीच्या माणसांसारखी मान हलवून पुढे जात. नातू अभ्यासाला लागला. रात्री जेवणाच्या सुमारास तो आजींना फोन करी आणि "जेवलीस का?" म्हणून विचारी. समोरासमोर बसून जेवत होते तेव्हा हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावर आजींना घर फार मोठं वाटे.

पेपर मागच्या खोलीतच, फोनवर झाला. तो यंत्रानं तपासायचा असल्यामुळे निकाल चार दिवसांतच लागला. आजींना तो मुलाच्या फोनवरून कळला.

"आई, सुटला. सत्तावन्न मार्क."

बातमी चार पावलांवरच्या खोलीतून निघून दुसऱ्या गावावरून आपल्याकडे आली, हे आजींना बोचलं. त्या तशाच उठल्या आणि त्यांनी मागचं दार वाजवलं.

"कोण?"

"मी आहे. उघड."

"भेटीची वेळ चार ते पाच. दारावर लिहिलंय."

खरंच लिहिलेलं होतं, नातवाच्या अक्षरात. चाराला पंधरा मिनिटं कमी होती. आजींनी स्टूल ओढलं आणि दाराबाहेर बसल्या. इतक्या दिवसांत त्याला इतकी शिस्त लागली, याचा आनंद मानावा की त्याच्या पाठीत धपाटा घालावा, हे त्यांचं ठरत नव्हतं.

दार पाच मिनिटं आधीच उघडलं.

"वेळ झालेली नाही अजून," आजी म्हणाल्या, आणि आत गेल्या.