ऑपरेशन खलास

दुबईपलीकडच्या फुजैरा बंदरातल्या एका हॉटेलातल्या आयरिश बारमध्ये वसईचा ॲल्फ्रेड गिटार वाजवायचा. आयरिश चाली, थोडं रॉक आणि मधूनच आईची लग्नगाणी, ही खिचडी बंदरावरच्या आयरिश इंजिनियरांना भारी आवडे. आईला मात्र त्याची घाई खटकायची. तो घरी वाजवू लागला, की मातीच्या घुमट वाद्यावर थाप धरून ती ओरडायची, "धावतोस काय रे? नवरी अजून दारातच हाय!"

त्या दिवशी वसईत तिच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. आवाज जाऊ शकतो, असं डॉक्टर आधीच बोलले होते. "आवाज घे, पण आय राहू दे," अशी ॲल्फ्रेडची सकाळपासून देवाशी घासाघीस चालली होती.

कार्यक्रमाच्या तोंडावर टेलिफोन ऑपरेटर मोहिद्दीन धापा टाकत आला. "अल्फ्रेडभाई, सिस्टर का फोन था. मदर का ऑपरेशन... खलास!" एवढं बोलून तो दुसरा फोन घ्यायला पळाला.

मुंबईकडे माणूस खलास होतो तो एकदाच. ॲल्फ्रेडनं थोरल्या बहिणीला, पॉलिनला, फोन लावला, पण मोबाइल लागेना. मॅनेजरनं माइकवरून दुःखद बातमी जाहीर केली. आयरिश मंडळींनी टोप्या काढल्या. मयताच्या नावानं गायचं आणि प्यायचं हा त्यांचा रिवाजच, त्यामुळे दुःखाला भलताच जोर चढला. ॲल्फ्रेडनं आईचं लग्नगाणं रडत रडत, संथ वाजवलं. एक दांडगा इंजिनियर हुंदका देत म्हणाला, "हे आमच्या गावचं!" दुसरा म्हणाला, "छे, आमच्या!" दोघं भांडले आणि मग गळ्यात पडून रडले.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. पॉलिन होती.

"पॉलिन, आय कधी गेली गं?"

"जाणार कुठे? ही काय, पलंगावरनं माझ्यावर डोळे वटारतेय!"

"मग मोहिद्दीन खलास म्हणाला ते?"

"वही तो बोला!" मागून मोहिद्दीन ओरडला. "खाना खलास, ड्यूटी खलास, ऑपरेशन खलास! अरबी में खलास मतलब हो गया!"

ॲल्फ्रेड हसत सुटला. वर केलेले ग्लास आता कुठे ठेवावेत, ते कुणाला कळेना.

"आणि आवाज?" त्यानं विचारलं.

"तो मात्र खलास, ॲल्फी."

सकाळचा सौदा देवानं तंतोतंत पाळला होता, आणि आता तोच ॲल्फ्रेडला झेपेना. "फोन तिच्या कानाला लाव," तो कसाबसा म्हणाला. रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरला आणि त्यानं तेच लग्नगाणं धरलं. बोटं पुढे पुढे पळत होती.

पलीकडून मोबाइलवर आईचं नख वाजू लागलं. टक... टक... अगदी सावकाश. तो धावला, पण नख काही जागचं हलेना. शेवटी मुकाट्यानं त्यानं लय कमी केली.

नवरी अजून दारातच होती.